नॅनो आणि कॅन्सर: खरं किती, फॉरवर्ड किती?

कोराकागद (धागाकर्ता)

मंडळी, नातेवाइकांच्या ग्रुपवर परत तो व्हिडिओ आलाय. रक्तात हजारो नॅनोबॉट सोडतात, ते पोहत जातात, कॅन्सरची पेशी दिसली की कुरतडतात आणि काम झालं की लघवीवाटे बाहेर. खाली ठरलेली ओळ, की फार्मा कंपन्या हे दाबून ठेवतायत. मी स्वतः फार्मसीवाला, इंजेक्शनच्या फॉर्म्युलेशनमधे नोकरी चाललीय, म्हणून तिथे उत्तर लिहायला बसलो तर ते एवढं लांबलं की म्हटलं इथेच टाकू, तिथे गुड मॉर्निंगच्या फुलांखाली दबून जाईल.

पहिली गोष्ट, कॅन्सरची नॅनो औषधं "येणार" वगैरे नाहीत, येऊन तीस वर्षं झाली. नोव्हेंबर १९९५ मधे अमेरिकेच्या एफडीएने डॉक्सिलला मंजुरी दिली, तेव्हा ती एड्सच्या पेशंटना होणाऱ्या कापोसी सार्कोमा या कॅन्सरसाठी होती, नंतर ओव्हरीचा कॅन्सर वगैरे आले. आत औषध जुनंच, डॉक्सोरुबिसिन. ज्यांच्या घरात केमो झालीय त्यांना ती लालभडक सलाईन आठवत असेल, तेच ते. औषध भारी आहे पण हृदयाच्या स्नायूंना मारतं, त्यामुळे एका माणसाला आयुष्यभरात किती द्यायचं याला मर्यादा आहे, डॉक्टर त्याचा हिशेब ठेवतात आणि मधे मधे इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला लावतात. इस्रायलच्या बारेनहोल्झ आणि गॅबिझॉन यांनी काय केलं की हे औषध चरबीच्या बारीक फुग्यात भरलं, म्हणजे लायपोसोम, साधारण ८० ते १०० नॅनोमीटरचा, आणि फुग्यावर पेग नावाच्या पॉलिमरचं अस्तर दिलं म्हणजे शरीरातल्या साफसफाईच्या पेशी त्याला लगेच गिळत नाहीत. अंदाज यावा म्हणून सांगतो, आपला केस ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो.

आता हा फुगा गाठीकडेच का जाईल? मात्सुमुरा आणि माएदा या जपानी शास्त्रज्ञांनी १९८६ मधे मांडलं की ट्यूमर घाईघाईत वाढतो, त्याच्या रक्तवाहिन्या कच्च्या बांधणीच्या, जुन्या कौलांसारख्या गळक्या असतात, तिथून हे कण झिरपून आत जातात, आणि ट्यूमरमधून निचरा नीट होत नसल्याने आतच अडकतात. निरोगी रक्तवाहिन्यांत एवढी भोकं नसतात. या एका कल्पनेवर पुढची तीस वर्षं जगभरातल्या लॅब चालल्या, ग्रँट मिळाल्या, पीएचड्या झाल्या.

मग पेशंटला काय मिळालं? पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या ५०९ बायकांवर साधं डॉक्सोरुबिसिन विरुद्ध लायपोसोमवालं अशी ट्रायल झाली, २००४ मधे निकाल छापून आले. कॅन्सर आटोक्यात ठेवण्यात दोन्ही जवळपास सारखी. हृदयाचा त्रास लायपोसोमवाल्यात पुष्कळ कमी. केस गळणं ६६ टक्क्यांवरून २० वर. पण हातापायाची कातडी लाल होऊन सोलणं २ टक्क्यांवरून ४८ वर गेलं. म्हणजे कॅन्सर जास्त मेला नाही, पेशंटचे हाल बदलले. माझ्या मते हे काही छोटं काम नाही, हृदय वाचणं म्हणजे पुढची औषधं झेपायला माणूस शिल्लक राहणं. पण व्हिडिओत जे दाखवतात ते हे नव्हे.

आणि त्या नॅनोबॉटचं मूळ बहुतेक २०१८ च्या एका प्रयोगात आहे. बीजिंग आणि अॅरिझोनाच्या लोकांनी डीएनएचा ९० बाय ६० नॅनोमीटरचा पत्रा तयार करून त्यात थ्रॉम्बिन, म्हणजे रक्त गोठवणारं प्रोटीन, गुंडाळलं, तो ट्यूमरच्या रक्तवाहिनीशी उघडतो आणि तिथेच रक्त गोठवतो, गाठीचा पुरवठा बंद. सुंदर काम आहे, पण केलं उंदरांवर.

बाकी तुम्ही विचारा, मला जमेल तसं लिहितो. डॉक्टर नाहीये हे ध्यानात ठेवून वाचा.

---

मनमौजी

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

सांजवेळ

दादा, अगदी वेळेवर धागा काढलात. माझ्या मावशीला ओव्हरीचा कॅन्सर परत उलटलाय आणि हेच लायपोसोमवालं चालू केलंय, दुसरी सायकल झाली. तळहात लाल झालेत, चपला घातल्या की आग होते म्हणते. डॉक्टर म्हणाले अपेक्षित आहे. आम्हाला वाटलं नॅनो म्हणजे कमी साइड इफेक्ट असणार, आणि हे औषध महाग पण किती! साधं का दिलं नाही असं काका सारखं विचारतायत. आणि पहिल्या वेळेला सलाईन इतकी हळू सोडली की आम्ही घाबरलोच.

---

कोराकागद

सांजवेळ ताई, सलाईन हळू सोडतात ते मुद्दाम. पहिल्या वेळी काही जणांचं शरीर या कणांना बाहेरचा शत्रू समजून एकदम बिथरतं, छाती आवळते, चेहरा लाल होतो, पाठ दुखते. म्हणून सुरुवात थेंबाथेंबाने करून बघतात आणि मग वेग वाढवतात.

हातापायाचं असं आहे की हे कण रक्तात कित्येक दिवस फिरत राहतात, साधं औषध एवढं टिकत नाही. तळहात-तळपाय जिथे दाब, घर्षण, उष्णता, तिथे ते पाझरतात, घामातूनही येतात असं मानतात. सलाईननंतरचे काही दिवस गरम पाण्यात हात नको, भांडी घासणं नको, घट्ट चपला नको, कडक उन्हात चालणं नको. आणि मुख्य म्हणजे "अपेक्षित आहे" ऐकून गप्प बसू नका, फोड आले किंवा घास भरवायला, बटण लावायला त्रास व्हायला लागला तर पुढच्या सायकलच्या आधी सांगा. डोस कमी करता येतो, दोन सायकलमधलं अंतर वाढवता येतं.

साधं का नाही, ते काकांना त्यांचे डॉक्टरच सांगू शकतील. आधी काय काय देऊन झालंय आणि हृदय कसं आहे यावर बरंच असतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, दोन्हीचं औषध एक असलं तरी साध्याचे मिलिग्रॅम आणि लायपोसोमचे मिलिग्रॅम अदलाबदल करता येत नाहीत. मेडिकलवाला "तेच आहे हो" म्हणाला तरी प्रिस्क्रिप्शनवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून घ्या.

---

ताम्रपट

लेख चांगला. पण यात नवीन ते काय? आपल्याकडे सुवर्णभस्म शेकडो वर्षं आहे. त्यात सोन्याचे नॅनो कण असतात हे आता इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली सिद्ध झालंय. पाश्चात्त्यांनी तेच उचलून पेटंट घेतलं की आपण टाळ्या वाजवणार.

---

अणुरेणू

ताम्रपट काका, भस्मात साधारण ५६ नॅनोमीटरचे सोन्याचे कण सापडले हे खरंय, मीही तो पेपर वाचलाय. पण कण लहान सापडणं आणि त्याने कॅन्सर बरा होणं यामधे अख्खा समुद्र आहे. भस्मातले कण एकमेकांना चिकटून मोठे गोळे झालेले असतात, ते तोंडाने घेतात, आणि त्यांना ट्यूमरचा पत्ता सांगणारं त्यांच्यावर काही नसतं.

आता तुलनेला अमेरिकेतल्या राइस युनिव्हर्सिटीच्या नाओमी हॅलस आणि जेनिफर वेस्ट यांचं काम घ्या. वाळूच्या म्हणजे सिलिकाच्या कणावर सोन्याचा पातळ थर. थराची जाडी अशी मोजूनमापून की जवळच्या इन्फ्रारेड प्रकाशालाच तो तापेल, कारण तो प्रकाश मांसातून बराच आत जातो. शिरेतून कण सोडायचे, ते प्रोस्टेटच्या गाठीत जमेपर्यंत थांबायचं, मग लेझर मारून गाठ आतून भाजायची. २०१९ मधे पहिल्या १६ पुरुषांचे निकाल आले, आशादायक होते. इथे सोनं औषध म्हणून नाहीच, ते हीटर आहे. लेझर बंद केला तर ते नुसतं पडून राहील. आयआयटी बॉम्बे आणि खारघरचं अॅक्ट्रेक (टाटा हॉस्पिटलचं संशोधन केंद्र) यांनीही लायपोसोमवर सोन्याचा मुलामा देऊन याच धर्तीवर काम केलंय, त्यामुळे "आपल्याकडे" आहेच की, फक्त ते वेगळं आहे.

---

ताम्रपट

ठीक. पण परंपरेला एकदम उडवून लावू नये एवढंच म्हणणं.

---

अणुरेणू

उडवत नाहीये, भस्माची ट्रायल कोणी नीट केली तर आनंदाने वाचेन.

मूळ लेखात एक भर घालतो, मी मटेरियल्समधला आहे. गळक्या रक्तवाहिन्यांची थिअरी आता बरीच डळमळलीय. टोरांटोच्या वॉरेन चॅन यांच्या गटाने दहा वर्षांतले पेपर एकत्र करून २०१६ मधे हिशेब मांडला की शिरेतून दिलेल्या नॅनो कणांपैकी ट्यूमरपर्यंत पोचतात किती. उत्तर आलं ०.७ टक्के, आणि हा मधला आकडा आहे, तोही उंदरांतला. उरलेले बहुतेक लिव्हर आणि स्प्लीनमधे अडकतात. आमच्या क्षेत्रात तेव्हा सुतकच लागलं होतं. त्याच गटाने २०२० मधे दाखवलं की ट्यूमरच्या रक्तवाहिन्यांत भोकं मुळात फार थोडी असतात, ९७ टक्क्यांपर्यंत कण भोकातून जात नाहीत, तर रक्तवाहिनीच्या पेशीच त्यांना उचलून पलीकडे नेतात. म्हणजे भोकाच्या मापाचा कण बनवा ही जी आमची कसरत चालली होती तिचा पायाच हलला.

शिवाय उंदराचा ट्यूमर दोनतीन आठवड्यांत वाढवलेला असतो आणि उंदराच्या मानाने प्रचंड मोठा. माणसाचा वर्षानुवर्षं हळूहळू वाढलेला, आत घट्ट तंतू, एकाच पेशंटच्या दोन गाठी एकमेकींसारख्या नाहीत.

---

कोराकागद

०.७ वर थोडी खळखळ आहे माझी. बरेच फार्माकॉलॉजीवाले म्हणतात की हिशेबाची पद्धतच औषधशास्त्राची नाही, आणि साध्या केमोचं तरी किती टक्के औषध गाठीत पोचतं? तेही अगदी थोडंच. त्यामुळे आकडा लाजिरवाणा दिसतो तेवढा नसावा. पण अपेक्षा आणि निकाल यातली दरी खरी आहे हे मान्य. कणावर कॅन्सर ओळखणारी अँटिबॉडी लावायची, म्हणजे तो बरोबर पत्त्यावर जाईल, ही पुढची पायरी होती. एचईआर-टू (काही ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशींवर जास्त असणारं प्रोटीन) शोधणाऱ्या अशा लायपोसोमची मोठी ट्रायल २०१६ मधे फायदा दिसेना म्हणून थांबवली. त्याच वर्षी याच कल्पनेवर उभी असलेली बाइंड थेराप्युटिक्स ही कंपनी दिवाळखोरीत गेली. पत्ता ओळखायला आधी त्या गल्लीपर्यंत पोचावं लागतं.

---

खिडकीतली_मांजर

मला पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाबद्दल विचारायचंय. माझ्या केमोच्या वेळी आधी स्टेरॉइड, अॅलर्जीचं इंजेक्शन असं सगळं द्यायचे आणि मग तीन तास सलाईन. शेजारच्या बेडवरच्या काकूंना अर्ध्या तासात मोकळं करायचे. त्या म्हणायच्या माझं नॅनोवालं आहे. मला तेव्हा हेवा वाटायचा खरं सांगते.

---

कोराकागद

ते नॅब-पॅक्लिटॅक्सेल असणार. यातली गंमत सांगतो. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळतच नाही. म्हणून ते क्रेमोफोर नावाच्या द्रवात मिसळतात, आणि क्रेमोफोर बनतं एरंडेलापासून! अॅलर्जी बऱ्याचदा त्या क्रेमोफोरची येते, म्हणून आधी स्टेरॉइड. नॅबमधे क्रेमोफोर काढून टाकलं आणि औषध अल्ब्युमिन या रक्तातल्याच प्रोटीनला बांधलं, १३० नॅनोमीटरचे कण. २००५ मधे अमेरिकेत मंजूर झालं. आपल्याकडे डाबर फार्मानेही क्रेमोफोरशिवायचं पॉलिमरवालं पॅक्लिटॅक्सेल काढलं होतं, नॅनॉक्सेल नावाने.

पण हेवा करू नका, कारण अमेरिकेतल्या एका मोठ्या ट्रायलमधे पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरला दर आठवड्याचं साधं पॅक्लिटॅक्सेल आणि नॅब यांची तुलना झाली तेव्हा नॅब सरस ठरलं नाही, उलट हातापायाला मुंग्या, बधिरपणा त्यात जास्त निघाला. पॅन्क्रियाजच्या कॅन्सरमधे मात्र त्याने खरंच फरक पाडला. जेमसिटाबिन या केमोच्या औषधाच्या जोडीला नॅब दिल्यावर आयुष्य सरासरी ६.७ महिन्यांवरून ८.५ महिने झालं. ब्लड कॅन्सरच्या एका वाईट प्रकारात दोन औषधं ५:१ च्या ठरलेल्या प्रमाणात एकाच लायपोसोममधे भरून दिली तेव्हा सुमारे ६ महिन्यांचे साडेनऊ झाले, ते २०१७ मधे मंजूर झालं. मला ही दुसरी कल्पना जास्त आवडते, कारण वेगवेगळी दिली तर दोन्ही औषधं शरीरात आपापल्या वेगाने संपतात आणि प्रमाण बिघडतं, फुगा ते धरून ठेवतो.

---

खिडकीतली_मांजर

दीड-दोन महिने ऐकायला कमी वाटतात, पण पॅन्क्रियाजवाल्यांना विचारा. असो. एरंडेलाचं माहीत नव्हतं, हसावं की रडावं.

आणि निदानाचं काय? ब्लड टेस्टमधे नॅनोने कॅन्सर कळतो म्हणतात ते?

---

अणुरेणू

निदानात नॅनो जास्त मुरलंय, फक्त कोणी नॅनो म्हणत नाही. प्रेग्नन्सीच्या पट्टीवरची लालसर रेघ बहुतेक वेळा सोन्याच्या कणांची असते. सोनं इतकं बारीक झालं की पिवळं राहत नाही, लाल दिसतं, फॅरडेने १८५७ मधेच त्यावर काम केलं होतं. ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशनला काखेतली पहिली लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) शोधायला टेक्नेशियम या किरणोत्सारी धातूच्या बारीक कणांचं द्रावण टोचतात, तेही याच घराण्यातलं, आणि ते कित्येक वर्षं रोजच्या वापरात आहे.

रक्तातल्या कॅन्सरच्या पेशी पकडायची सेलसर्च टेस्ट २००४ पासून मंजूर आहे. साडेसात मिली रक्त घ्यायचं, त्यात लोहाचे चुंबकीय नॅनो कण टाकायचे, कणांवरची अँटिबॉडी कॅन्सर पेशीला चिकटते, मग लोहचुंबकाने ओढून घ्यायचं. पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरमधे ५ किंवा जास्त पेशी सापडल्या तर पुढचा प्रवास अवघड असं समजतात. पाच! कोट्यवधी रक्तपेशींतून. पुण्याच्या एका कंपनीनेही चुंबकीय कणांची अशी टेस्ट बनवलीय, ऑन्कोडिस्कव्हर नावाची, तिला आपल्या औषध नियंत्रकांची परवानगी आहे.

पण हे सगळं ज्यांना कॅन्सर आहे हे आधीच कळलंय त्यांच्यासाठी. "निरोगी माणसाने वर्षातून एकदा करा" वाला विषय फार निसरडा आहे. हिशेब करून बघा. समजा १ लाख लोकांत ५० जणांना तो कॅन्सर आहे. टेस्ट इतकी झकास की पन्नासच्या पन्नास पकडते आणि निरोगी माणसाला ९९ टक्के वेळा बरोबर सोडते. तरी ९९,९५० निरोगी लोकांपैकी साधारण हजार जणांना "पॉझिटिव्ह" येणार. म्हणजे वीस निरोगी माणसं घाबरून स्कॅन, बायोप्सी करत फिरणार तेव्हा एक खरा सापडणार. कण कितीही संवेदनशील बनवा, ही गणिताची अडचण तशीच राहते.

---

डोंगरवाट

मी तालुक्याला आरोग्य खात्यात आहे म्हणून लिहिते. तुमची चर्चा आवडली पण वाचताना सारखं वाटत होतं की आमच्याकडे गाठ लिंबाएवढी झाल्यावर बाई येते, तंबाखूवाला तोंड उघडेनासं झाल्यावर येतो. त्यांना नॅनो टेस्ट नको होती, कोणीतरी वर्षभर आधी टॉर्च घेऊन तोंडात बघायला हवं होतं. टाटा हॉस्पिटलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायकांवर अभ्यास केला होता, गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगर लावून बघायचं, पांढरा डाग उठला तर पुढे पाठवायचं. थोडं प्रशिक्षण दिलेल्या बायकांनीच ते केलं. त्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, २०१३ मधे निकाल आला. व्हिनेगर हो, चायनीजच्या गाडीवरचं.

---

अणुरेणू

ताई, यावर वाद घालायला जागाच नाही. एवढंच म्हणेन की स्वस्त पट्टीवरची टेस्ट हे नॅनोचंच काम आहे. अमेरिकेतल्या एमआयटीत संगीता भाटिया असे कण बनवतायत जे शरीरात ट्यूमरच्या एन्झाइमने तुटतात आणि तुकडे लघवीत येतात, मग लघवीची साधी पट्टी. जिथे मॅमोग्राफी मशीन नाही अशा ठिकाणी चालावं हाच उद्देश. अजून प्रयोगांतच आहे पण दिशा तुमच्याच गावाकडची आहे.

---

डोंगरवाट

पट्टी येईल तेव्हा मी पहिली हात वर करीन. पण लावणारी आशा ताई तोवर नोकरीत टिकली पाहिजे, तिचं मानधन वेळेवर येईल एवढं बघा कोणीतरी.

---

मनमौजी

ती टाटाची शंभर रुपयाची गोळी पण नॅनोच ना?

---

कोराकागद

नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत जी बातमी गाजली ती रेस्वेराट्रॉल (द्राक्षांत वगैरे सापडणारं एक रसायन) आणि तांबं यांच्या मिश्रणाची. मरणाऱ्या कॅन्सर पेशींतून सुटलेले क्रोमॅटिनचे (डीएनए आणि प्रोटीनच्या गुंत्याचे) तुकडे निष्प्रभ करायचे अशी त्यामागची कल्पना. बातम्यांनी तिचं "कॅन्सरवर औषध सापडलं" करून टाकलं.

---

घाटावरचा

मी एक कडू अनुभव टाकतो. वडिलांच्या वेळी एका शहरातल्या एका क्लिनिकने "नॅनो करक्यूमिन थेरपी" (करक्यूमिन म्हणजे हळदीतलं द्रव्य) म्हणून सलाईनचं पॅकेज गळ्यात मारलं, नाव घेत नाही. फोटो, चार्ट, सगळं इंग्रजीत. केमो थांबवा म्हणाले. आम्ही थांबवली नाही हे नशीब, पण पैसे गेले ते गेले. हे ओळखायचं कसं ते कोणीतरी लिहा.

---

कोराकागद

करक्यूमिन पोटातून रक्तात फारसं जातच नाही, म्हणून त्याला नॅनो रूप देऊन बघायचे प्रयोग चालू आहेत हे खरं. त्याच खरेपणाचा हे लोक फायदा उठवतात. "प्रयोगाचा भाग आहे" म्हणत असतील तर सीटीआरआयचा, म्हणजे क्लिनिकल ट्रायल नोंदवायच्या सरकारी रजिस्टरचा, नंबर मागा. भारतात २००९ पासून माणसांवरच्या औषध चाचण्यांची तिथे नोंद सक्तीची आहे, वेबसाइट फुकट बघता येते. नंबर नसेल तर उठून या. आणि ट्रायलमधल्या औषधाचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नसतात, पॅकेज सांगितलं की समजून जा. केमो बंद करा म्हणणाऱ्याबद्दल वेगळं सांगायलाच नको.

सगळे कण निरुपद्रवी असतात असंही नाही बरं का. लांबट कडक कार्बन नॅनोट्यूब उंदरांच्या पोटात सोडल्या तर अॅस्बेस्टॉससारखी सूज येते हे २००८ मधे दिसलंय. नुसतं नॅनो म्हटलं की काहीच सांगितलं नाही, कशाचा कण, केवढा, वर काय लावलंय, बाहेर कसा पडतो हे सगळं लागतं. ५-६ नॅनोमीटरच्या वरचे कण किडनीतून सहसा बाहेर पडत नाहीत, त्यामुळे व्हिडिओतलं लघवीवाटे बाहेर पडणंही एवढं सरळ नाही.

---

सांजवेळ

काकांना सगळं वाचून दाखवलं. एकच शंका, मावशीला मिळतंय ते भारतीय कंपनीचं आहे, परदेशी मागवावं का असं ते म्हणतात. भाऊ पैसे पाठवायला तयार आहे.

---

कोराकागद

काकांना हे सांगा. २०११ च्या शेवटी डॉक्सिल बनवणारा ओहायोतला कंत्राटी कारखाना दर्जाच्या अडचणींमुळे बंद पडला आणि अमेरिकेत औषधाचा खडखडाट झाला, पेशंट वेटिंग लिस्टवर. तेव्हा फेब्रुवारी २०१२ मधे एफडीएने खास परवानगी देऊन आयात केलं ते आपल्या सन फार्माचं लायपोडॉक्स. पुढच्या वर्षी सनच्या जेनेरिकला रीतसर मंजुरीही मिळाली. लायपोसोमची नक्कल करणं साध्या गोळीसारखं सोपं नसतं, फुग्याचा आकार, अस्तर, आत औषध कसं बसलंय सगळं जुळावं लागतं, म्हणून कंपनी कोणती हा प्रश्न चुकीचा नाही. पण भारतीय आहे म्हणून कमअस्सल असं नाही. सुरू केलेला ब्रँड मधेच बदलत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. भावाचे पैसे येण्याजाण्याला, राहण्याला ठेवा, पुढे लागतात. मुंबईत यायचं झालं तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सर पेशंट आणि नातेवाइकांची राहायची सोय होते, हॉस्पिटलच्या सोशल वर्करकडून चिठ्ठी घ्यायची असते का तेवढं विचारून घ्या.

---

सांजवेळ

हो, गुरुवारी ओपीडी आहे. हाताचे फोटो काढून ठेवलेत, इकोचं पण विचारते.